भाग, सांधा आणि वस्तू

अपग्रेड करता येणारा डेस्कटॉप एकदम बदलत नाही, भागाभागाने बदलत जातो. आज रॅम वाढते, दोन वर्षांनी प्रोसेसर नवा येतो, पुढे ग्राफिक्स कार्ड बसते आणि एखाद्या वर्षी मदरबोर्डही जातो. घरातली माणसे मात्र पहिल्या दिवसापासून त्याला ‘आपला पीसी’च म्हणतात. या साध्या बोलण्यात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे: एकेक करून सगळे भाग बदलले, तर उरते ती वस्तू तीच असते का, आणि असली तर कशामुळे? पैसे मुबलक असतील तर हा प्रश्न चर्चेपुरता राहतो. पैसे मोजके असले की दुकानाची पायरी चढण्याआधीच त्याचे उत्तर द्यावे लागते, कारण काय टिकणार आणि काय जाणार हे ठरल्याशिवाय पैसे कुठे घालायचे हेही ठरत नाही.

उरण तालुक्यातल्या जासई गावचे एक घर उदाहरणादाखल घ्यावे. घरात शिकणारी दोन भावंडे आहेत आणि संगणकासाठी चाळीस हजार रुपये बाजूला काढलेले आहेत. थोरलीला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे आणि ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर चालवायचे आहे. धाकट्याला अजून वह्यापुस्तकांपलीकडे फारसे काही लागत नाही. सुटे भाग घ्यायचे तर मुंबईत ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर जाता येते. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे कागदावरचे नाव. बाजार मात्र जुन्याच नावाने ओळखला जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून खाडीपलीकडे येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली, तेव्हापासून ही ये-जा सोपी झाली आहे. अडचण आहे ती निवडीची. चाळीस हजारांत आज सगळे चांगले मिळत नाही. काही चांगले घ्यावे लागते, काही कामापुरते, आणि काही जागा रिकाम्या सोडाव्या लागतात.

असा संगणक मुळात शक्य झाला तो सांध्यांमुळे. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्यात कार्ड बसवण्यासाठी पाच मोकळे स्लॉट होते आणि त्यांची तांत्रिक माहिती कंपनीने छापून प्रसिद्ध केली होती. त्यामुळे दुसऱ्या कोणीही त्या जागेत बसेल असे कार्ड बनवू शकत होते. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप आखून दिले. मदरबोर्डची लांबीरुंदी, स्क्रूची भोके, वीजपुरवठ्याची जोडणी, मागच्या बाजूच्या पोर्टांची जागा हे सगळे त्याने ठरून गेले. तीस वर्षांपूर्वी आखलेल्या या मापामुळे आज तैवानचा बोर्ड चीनच्या कॅबिनेटमध्ये बसतो आणि तिसऱ्याच देशातल्या पॉवर सप्लायवर चालतो. भाग बनवणारे एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांच्यात समाईक असते ते एक ठरलेले माप. भाग येतात-जातात आणि माप टिकते. पुढच्या सगळ्या विचारात ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

वस्तू आणि तिचे भाग यांच्या नात्यावर भारतात झालेला वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. हा राजा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सागल येथून राज्य करत होता. सागल म्हणजे आजचे सियालकोट असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजा रथातून आला आहे हे पाहून नागसेन त्याला विचारतो की रथ नेमका कोणता. दांडी हा रथ आहे का? आस आहे का? चाके? सांगाडा? की सगळ्यांचा ढीग? प्रत्येकाला राजाकडून नकार येतो. मग कबूल करावे लागते की या भागांच्या आधाराने व्यवहारासाठी वापरलेले ‘रथ’ हे एक नाव आहे, भागांपलीकडे रथ नावाचे वेगळे काही नाही. माणसाचेही तसेच, हा नागसेनाचा खरा मुद्दा.

डेस्कटॉपचे झाकण उघडले तर नागसेनाचा प्रश्न जसाच्या तसा विचारता येतो. पीसी कोणता? प्रोसेसर म्हणावा तर तो बोर्डाबाहेर काढला की तळहातावर मावणारा मुका चौकोन आहे. मदरबोर्ड म्हणावा तर प्रोसेसरवाचून त्याला पडद्यावर एक अक्षर उमटवता येत नाही. बोलण्यात ‘सीपीयू’ म्हणून ज्या डब्याकडे बोट दाखवले जाते, त्या कॅबिनेटचा तर गणनेशी काही संबंध नाही. आणि सगळे भाग टेबलावर सुटे मांडले तर तो पीसी नव्हे, सामान आहे.

न्याय-वैशेषिक दर्शनांना नागसेनाचे उत्तर मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयव जुळले की अवयवी नावाची एक खरी, नवी वस्तू जन्माला येते आणि ती आपल्या अवयवांत समवाय संबंधाने राहते. धाग्यांचा ढीग अंगावर घेता येत नाही, कापड घेता येते, म्हणून कापड हे धाग्यांहून वेगळे मानलेच पाहिजे. या भूमिकेची किंमत मात्र मोठी आहे आणि ती मोजायला हे दार्शनिक कचरले नाहीत. एक धागा काढला तर जुने कापड नष्ट झाले आणि उरलेल्या धाग्यांचे नवे कापड निर्माण झाले, असे त्यांना म्हणावे लागते. या हिशेबाने रॅमची एक पट्टी बदलताच जुना पीसी संपला आणि दुसरा जन्मला. घरातल्या कोणालाही हे पटणार नाही.

या दोन दर्शनांतही एका ठिकाणी मतभेद होता आणि तो इथे फार उपयोगी पडतो. कच्चे मडके भट्टीत भाजून लाल होते तेव्हा नेमके काय घडते? वैशेषिकांचे मत असे की मडके परमाणूंपर्यंत विघटते, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांचेच पुन्हा मडके बनते. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणत की मडके मडकेच राहते आणि आहे त्या स्थितीतच लाल होते. हा पिठरपाकवाद. एकाच्या मते बदल म्हणजे नाश आणि पुनर्जन्म, दुसऱ्याच्या मते बदल वस्तूच्या अंगावर घडतो. डेस्कटॉप विकत घेणाऱ्यांतही हे दोन पक्ष आहेत. पाच वर्षे वापरून पूर्ण पीसी काढून टाकायचा आणि नवा आणायचा, हा पहिला पक्ष. आहे त्यालाच सुधारत न्यायचे, हा दुसरा. ज्याच्याजवळ पैसे मोजके आहेत त्याला पिठरपाकवादीच व्हावे लागते, कारण दर पाच वर्षांनी चाळीस हजार एकदम उभे करणे त्याला जमत नाही. दर वर्षी पाच-सहा हजार काढणे जमू शकते.

या वादात सर्वांत समंजस भूमिका जैन आचार्यांची आहे. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे निर्माण होणे, नाहीसे होणे आणि टिकून राहणे, या तिन्ही गोष्टी प्रत्येक सत् वस्तूत एकाच वेळी असतात, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त त्यासाठी सोन्याच्या घटाचे उदाहरण दिले आहे. घट मोडून त्याचा मुकुट केला, तर ज्याला घट हवा होता त्याला दुःख होते, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद होतो आणि ज्याला सोने हवे होते त्याचे मन स्थिर राहते. घटना एकच, तिच्याकडे पाहणारी माणसे तीन, आणि तिघांच्याही भावनेला वस्तूतच आधार आहे. डेस्कटॉपच्या बाबतीत प्रश्न उरतो तो एवढाच, की यात सोने कोणते? कोणता भाग धरून ठेवला म्हणजे बाकीचे बदलूनही ध्रौव्य राहील?

पदार्थ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. धातू, प्लॅस्टिक, सिलिकॉन सगळेच बदलून जाते. उरणजवळच्या करंजा आणि मोरा इथल्या कोळ्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. लाकडी होडीची फळी कुजली की फळी बदलतात, आणि होडीचे नाव आणि मालकी तीच राहते. ग्रीक लेखक प्लुटार्कने अथेन्समध्ये जपून ठेवलेल्या थीसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. कुजलेल्या फळ्या बदलत बदलत ते टिकवले गेले आणि ते तेच जहाज आहे की नाही यावर तिथले तत्त्वचिंतक वाद घालत राहिले. टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६५५च्या ‘दे कॉर्पोरे’ या ग्रंथात त्यात एक पेच वाढवला. समजा, काढलेली प्रत्येक जुनी फळी कोणी जपून ठेवली आणि शेवटी त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर या दोन जहाजांपैकी थीसिअसचे जहाज कोणते?

जासईच्या त्या घरात हा पेच अगदी साध्या रीतीने घडू शकतो. थोरलीच्या पीसीतून निघालेला जुना बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी फेकून न देता एका स्वस्त कॅबिनेटमध्ये जोडले की धाकट्याचा पीसी तयार होतो. आता मूळ पीसी कोणाकडे आहे? पदार्थ पाहिला तर धाकट्याकडे. अखंड चालत आलेला वापर, जागा आणि नाव पाहिले तर थोरलीकडे. हॉब्जचा हा पेच कोड्यापुरता मांडला जातो, पण गरजेच्या घरात तो कुरकुरीशिवाय सुटतो, कारण तिथे ‘मूळ’ कोणते यापेक्षा दोघांचे काम चालते का हे आधी पाहिले जाते.

बाजाराला मात्र उत्तर द्यावेच लागते आणि त्याने ते दोन तऱ्हांनी दिले आहे. वॉरंटी भागागणिक असते. रॅमची, एसएसडीची, पॉवर सप्लायची वेगळी, प्रत्येकाचा सीरियल नंबर वेगळा. असेंबल केलेल्या पीसीला संपूर्ण वस्तू म्हणून सहसा कोणी हमी देत नाही. बिल हाच त्याचा खरा जन्मदाखला. म्हणून प्रत्येक भागाचे बिल जपून ठेवणे हा या खरेदीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित नियम आहे. इथे बाजार नागसेनाच्या बाजूला आहे. विंडोजच्या परवान्यात तो उलट बाजूला जातो. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना मायक्रोसॉफ्ट मदरबोर्डाशी बांधते. रॅम, डिस्क, कार्ड काहीही बदलले तरी संगणक तोच, पण बिघाडाचे कारण नसताना मदरबोर्ड बदलला तर तो नवा संगणक आणि त्याला नवा परवाना. ओळख कुठे राहते या प्रश्नाला एका कंपनीने करारात लिहून दिलेले हे उत्तर आहे, आणि त्यात तथ्य आहे. बाकीचे सगळे भाग मदरबोर्डाला जोडले जातात. मदरबोर्ड त्यांच्यापैकी कोणाच्याच जागेवर बसत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली जुनी वस्त्रे टाकून नवी घेण्याची उपमा इथे अनेकांना आठवते. ज्ञानेश्वरीमुळे ती मराठी घरांत बोलण्यातली झाली आहे. डेस्कटॉपला ती पुरती लागू पडत नाही. तिथे टाकले जाते संपूर्ण वस्त्र, आणि टिकणारा आत्मा वस्त्राहून सर्वस्वी वेगळ्या जातीचा आहे. संगणकात असा कोणी वेगळा राहणारा शोधायचा तर फायली, फोटो आणि अर्धवट राहिलेली कामे यांच्याकडे बोट जाईल. ती जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर खरोखरच जातात. पण ती एकाच वेळी दोन डिस्कांवरही राहू शकतात आणि बॅकअप नसेल तर एका क्षणात कायमची जातात. अविनाशीपणाचा एकही गुण त्यांच्यात नाही. उपमेचा मोह इथेच आवरलेला बरा.

तर टिकते काय? टिकतो तो सांधा. कोणता भाग कुठे बसेल हे ठरवणारी मापे, सॉकेट, स्लॉट आणि वीजजोडणी हेच अपग्रेड होणाऱ्या संगणकाचे सोने आहे. मोजक्या पैशांतल्या खरेदीची सारी रीत यातून निघते: पैसे आधी सांध्याला, मग भागाला.

प्रोसेसरच्या सॉकेटपासून हे पाहता येते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझन प्रोसेसर मार्च २०१७मध्ये आले. त्याच सॉकेटवर एप्रिल २०२२मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा त्या काळातला गेमिंगसाठीचा अव्वल प्रोसेसर निघाला, आणि बायॉस अपडेट केल्यावर २०१७च्या कित्येक बोर्डांवरही तो चालू लागला. त्याच्या पाच वर्षे आधी स्वस्त प्रोसेसर आणि बरा बोर्ड घेणाऱ्याला त्याचे पूर्ण फळ मिळाले. सप्टेंबर २०२२मध्ये एएम५ आले. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते, आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही हा सॉकेट चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलच्या २०२१च्या एलजीए १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२४मध्ये कंपनी एलजीए १८५१वर गेली. म्हणजे आज एएम४ किंवा एलजीए १७०० घेणाऱ्याला दार बंद झालेल्या घरात शिरायचे आहे. घर पुष्कळ स्वस्त आहे, आतल्या खोल्याही चांगल्या आहेत, पण त्या सॉकेटवर याहून मोठी झेप नाही. एएम५ महाग पडते आणि पुढची वाट मोकळी ठेवते. रॅमचा सांधाही असाच कठोर आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये जातच नाही. एकदा बोर्ड घेतला की रॅमची जात ठरली.

पॉवर सप्लाय, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, त्यात काटकसर करण्याचा मोह फार होतो, कारण त्यातला फरक पडद्यावर दिसत नाही. चांगला एसएमपीएस दोन-तीन प्रोसेसरांचे आयुष्य पाहतो आणि वाईट एसएमपीएस जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. जासईसारख्या खाडीकाठच्या गावात हे अधिक महत्त्वाचे आहे. खारी, दमट हवा धातूच्या टोकांना गंज चढवते, न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रस्त्याची धूळ पंख्यात बसते आणि पावसाळ्यात वीज ये-जा करते. इथे नामांकित बनावटीचा, ८० प्लस प्रमाणपत्र असलेला ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस, साधा यूपीएस आणि ज्याची जाळी काढून धुता येईल असे कॅबिनेट यांवर घातलेले पैसे रंगीत दिव्यांवर घातलेल्या पैशांपेक्षा नक्कीच जास्त टिकतात. तयार मिळणाऱ्या काही ब्रँडेड डेस्कटॉपांत बोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. ते स्वस्त आणि सुबक दिसतात, पण त्यांचा सांधा खासगी असतो. आत रिकामी जागा दिसत असूनही बाजारातला भाग त्यात बसत नाही.

रिकाम्या जागेबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. ज्याला शून्यता मान्य आहे त्याला सगळेच शक्य होते, अशा आशयाचे विधान नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’त केले आहे. त्याची शून्यता म्हणजे पोकळी नव्हे. कोणत्याही वस्तूला स्वतःपुरता, दुसऱ्यावर न अवलंबणारा असा स्वभाव नाही, हा तिचा अर्थ. आणि स्वभाव घट्ट नसल्यामुळेच बदल शक्य होतो. रॅमच्या मोकळ्या स्लॉटकडे पाहिले की हा विचार हाताला लागतो. दोन स्लॉट असलेल्या बोर्डावर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घातल्या तर दोन वाटांनी माहिती वाहते आणि वेग चांगला मिळतो, पण पुढे वाढवायचे तर दोन्ही पट्ट्या काढाव्या लागतात. १६ जीबीची एकच पट्टी घातली तर आज वेग थोडा कमी पडतो आणि उद्यासाठी एक जागा राहते. चार स्लॉटच्या बोर्डाला थोडे जास्त पैसे पडतात आणि हा पेच सुटतो. प्रोसेसर निवडतानाही असेच आहे. अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला तर ग्राफिक्स कार्डाची जागा निर्धास्त मोकळी ठेवता येते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअंती ‘एफ’ असते त्यांत हे ग्राफिक्स नसते. किंमत कमी पाहून तो घेतला आणि कार्ड घेतले नाही, तर पडदा काळाच राहील.

इथवरचे सगळे सांध्याच्या बाजूने झाले. त्याच्या विरुद्ध एक नैतिक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. उद्यासाठी मोकळी जागा विकत घेणे हाही एक संग्रहच नव्हे का? न बसवलेल्या ग्राफिक्स कार्डासाठी मोठा एसएमपीएस, न घेतलेल्या रॅमसाठी जास्तीचे स्लॉट, कधी न येणाऱ्या प्रोसेसरसाठी महाग बोर्ड. कितीतरी डेस्कटॉप एकदाही न उघडता म्हातारे होतात. विनोबांचा जन्म जासईच्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली झाला. त्यांच्या नित्य प्रार्थनेतल्या एकादश व्रतांत असंग्रह आहे, आणि असंग्रहाचा अर्थ वस्तू न ठेवणे इतकाच नाही. गरज नसलेली गोष्ट कल्पनेतही साठवून न ठेवणे हाही आहे. अपग्रेडचे आश्वासन नेमके कल्पनेत साठवले जाते. आजची इच्छा पुढे ढकलली म्हणजे ती मिटत नाही, कित्येकदा ती वाढतेच.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते घरागणिक वेगळे आहे. ज्या कामाची वाढ आजच दिसते आहे, त्याच्यासाठी ठेवलेली जागा संग्रहात मोडत नाही. थोरली पुढच्या दोन वर्षांत जड सॉफ्टवेअर वापरणार हे अभ्यासक्रमातच दिसते. तिच्यासाठी मोकळे स्लॉट आणि बरा एसएमपीएस ही तरतूद आहे. ज्या घरात फक्त अर्ज भरणे, हिशेब आणि चित्रफिती पाहणे चालणार आहे, तिथे एएम५चा खर्च हा न येणाऱ्या पाहुण्यासाठी बांधलेली खोली ठरेल. त्या घराने एएम४वर थांबणे हाच जास्त विचारी निर्णय आहे. उद्या भाव उतरतील हे गृहीतही नेहमी खरे ठरत नाही. रॅम आज थोडी घ्यावी आणि पुढे स्वस्तात वाढवावी, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. २०२५मध्ये जुनी डीडीआर४ बनवणे कंपन्या कमी करू लागल्या, एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळू लागली आणि वर्षअखेर रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. थांबलेला त्या वर्षी फसला. म्हणून कामाला लागणारी किमान रॅम, आज ती १६ जीबी धरावी, पहिल्याच दिवशी घेणे बरे.

बदल नेहमी मालकाच्या इच्छेने होतो असेही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची मोफत सुरक्षा-साथ सर्वसाधारणपणे थांबवली. विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. उत्तम चालणारे असंख्य संगणक एका तारखेनंतर जुने ठरले, आणि त्यांच्यातला एकही भाग त्या दिवशी बिघडला नव्हता. वस्तूची ओळख कशात आहे या प्रश्नाला इथे दुसरा एक प्रश्न येऊन मिळतो: बदल कोण ठरवतो?

जासईला हा दुसरा प्रश्न फार मोठ्या किमतीला कळलेला आहे. संगणकाशी त्याची तुलना होऊ शकत नाही, पण विचाराचा धागा एकच आहे. १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे नव्या शहरासाठी संपादनात आली. न्हावाशेव्याचे बंदर १९८९मध्ये सुरू झाले. गावाचे भाग एकेक करून बदलत गेले: शेताच्या जागी कंटेनर यार्ड, खाजणाच्या जागी भराव, बैलगाडीच्या वाटेवर महामार्ग. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात, याच गावचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. गाव बदलू नये अशी ती मागणी नव्हती. बदलणाऱ्या गावात मूळ माणसाचा वाटा आणि शब्द टिकला पाहिजे, ही होती. सगळे भाग बदलूनही जासई ही जासई राहिली असेल, तर ती या शब्दामुळे राहिली. नागसेनाच्या रथाने किंवा हॉब्जच्या जहाजाने हा मुद्दा मांडलेला नाही, कारण रथाला आणि जहाजाला स्वतःचे मत नसते. पण त्यांना मालक असतो, आणि कोणती फळी केव्हा बदलायची हे त्याच्या हातात आहे तोवरच ‘माझी होडी’ या शब्दाला अर्थ आहे. उघडे, प्रमाणित सांधे निवडण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. पैसे वाचतात हे खरे. त्याहून मोठे म्हणजे निर्णय घरात राहतो. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरला नाकारते तेव्हा उघड्या सांध्याच्या पीसीत बोर्ड आणि प्रोसेसर बदलून, किंवा लिनक्स घालून, वाट काढता येते. सगळे भाग बोर्डाला कायमचे जोडलेल्या डब्यात त्यातली अर्धी वाट मुळातच नसते.

राहतात ते निघालेले भाग. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंद होऊन रीतसर प्रक्रियेला गेला, असे संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांचा २०२४चा अहवाल सांगतो. भारतात १ एप्रिल २०२३पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत आणि जुन्या सामानाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारात दिलेल्या बोर्डातले शिसे आणि इतर धातू उघड्यावर जाळले तर खाडीतच उतरतात, आणि या भागात खाडी म्हणजे कोणाची तरी मासेमारी असते. म्हणून निघालेला भाग आधी घरात दुसऱ्याच्या कामी लावावा, मग सेकंडहँड विकावा, आणि काहीच होत नसेल तर अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावा. डिस्क मात्र देण्याआधी पूर्ण पुसावी. भाग दुसऱ्या पीसीत गेला तर त्याचा व्यय झाला नाही. ज्या वस्तूत तो होता तिचा एक पर्याय, म्हणजे एक अवस्था, संपला आणि दुसऱ्या वस्तूचा सुरू झाला, असे जैन परिभाषेत म्हणावे लागेल.

खंडेनवमीला महाराष्ट्रात शस्त्रे आणि अवजारे पुसून त्यांची पूजा करतात, आणि आता कोयता, शिलाईयंत्र, गाडी यांच्या ओळीत पीसीही येतो. हळदकुंकू लागते ते कॅबिनेटच्या कपाळाला, म्हणजे गणनेशी ज्याचा संबंध नाही त्या डब्याला. आत गेल्या वर्षीचा प्रोसेसर असो की या वर्षीचा, झेंडूची माळ त्याच जागी अडकवली जाते. धाकट्याच्या जुन्या भागांच्या पीसीलाही शेजारीच पाट मिळतो.